मूळ तैलचित्रंच उरली नाहीत, मग 'हुबेहूब प्रतिकृती' कशाची?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. नोकरी सांभाळून अठराव्या शतकातले इंग्रज चित्रकार विल्यम हॉगार्थ यांच्या चित्रमालिका हाताने तैलरंगात रंगवून ऑनलाइन विकतो. 'अ हार्लट्स प्रोग्रेस'चा सहा चित्रांचा संच 'मूळ तैलचित्रांची हुबेहूब प्रतिकृती' म्हणून १,८०० पौंडांना विकला. यादीतल्या तीन मापांपैकी एक माप गिऱ्हाइकाने निवडलं होतं. ऑर्डर रद्द करण्याच्या हक्काबद्दल मी काही कळवलं नव्हतं. संच मिळून २२ दिवस झाले. आता ते म्हणतात, मूळ तैलचित्रं जगात नाहीतच, पैसे परत द्या. ऑर्डरवर रंगवलेली वस्तू परत घ्यावी लागते का? शिवाय जाहिरातीत वापरलेल्या छापाच्या (कोरलेल्या पत्र्यावरून कागदावर छापलेल्या चित्राच्या) फोटोबद्दल एका चित्रसंग्रह कंपनीने शुल्क मागितलं आहे.

उत्तर : पैसे परत करा. गिऱ्हाईक खरं बोलत आहे. या मालिकेची तैलचित्रं १७५५ मध्ये इंग्लंडमधल्या फॉन्टहिल हाऊस या हवेलीला लागलेल्या आगीत गेली. उरले ते हॉगार्थने १७३२ मध्ये काढलेले एकरंगी छाप. तुमच्या कॅन्व्हासवरचे रंग तुम्ही योजलेले आहेत. काम कितीही कसबी असलं तरी वर्णन चुकीचं ठरतं, आणि वस्तू वर्णनाबरहुकूम असली पाहिजे ही २०१५ च्या ब्रिटिश ग्राहक कायद्याची, म्हणजे कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्टची अट आहे. नोकरी सांभाळून का होईना, तुम्ही नियमित विकता, म्हणून कायद्याच्या लेखी तुम्ही व्यापारीच. अशी वस्तू ३० दिवसांच्या आत नाकारता येते. परतीचा वाजवी खर्च तुमच्याकडे, आणि मागणी मान्य केल्यापासून १४ दिवसांत पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने जायला हवेत.

'ऑर्डरवर रंगवलं' हा बचाव इथे दोन कारणांनी टिकत नाही. ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत विनाकारण रद्द करता येते; गिऱ्हाइकाच्या खास सूचनेनुसार बनवलेल्या वस्तूला तेवढ्यापुरती सूट आहे. पण तयार यादीतून माप निवडणं ही खास सूचना नव्हे. त्यांनी आपल्या भिंतीचं माप दिलं असतं किंवा चित्रात घरच्यांचा चेहरा घालायला सांगितला असता, तर गोष्ट वेगळी. आणि वर्णन चुकलं असेल तर ती सूटही कामाची नाही. भरीला, हक्काची माहितीच दिली नसल्याने रद्द करण्याची मुदत तब्बल १२ महिन्यांनी वाढते, आणि हाताळणीमुळे किंमत घटली म्हणून कपातही करता येत नाही. पुढच्या प्रत्येक ऑर्डरबरोबर ही माहिती आणि रद्द करण्याचा नमुना अर्ज ईमेलने पाठवत जा.

संच परत आला की खुशाल विका, फक्त असं लिहा : 'हॉगार्थच्या १७३२ च्या छापांवरून हाताने रंगवलेलं, रंगसंगती चित्रकाराची.' कॅन्व्हासच्या मागे तुमचं नाव, वर्ष आणि 'प्रतिकृती' हे न पुसणाऱ्या शाईने लिहा; पुढे हॉगार्थची सही काढू नका. उद्या तिसऱ्याच कोणी ते अस्सल म्हणून विकलं, तर ही नोंद तुम्हाला वाचवेल.

आता फोटो. हॉगार्थ १७६४ मध्ये वारले, त्यांच्या चित्रांवरचा कॉपीराइट कधीच संपला आहे. (याच मालिकेच्या चोरट्या नकलांना कंटाळून त्यांनी छापांना १४ वर्षांचं संरक्षण देणारा कायदा करवून घेतला, तो १७३५ मध्ये लागू होईपर्यंत 'अ रेक्स प्रोग्रेस' या पुढच्या मालिकेचे छाप विक्रीला काढले नाहीत.) सपाट छापाचा जसाच्या तसा फोटो घेतल्याने नवा कॉपीराइट सहसा निर्माण होत नाही, त्यासाठी छायाचित्रकाराची स्वतःची सर्जनशील निवड दिसावी लागते, हे इंग्लंडच्या अपील कोर्टाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. मात्र फाइल उतरवताना 'व्यावसायिक वापर नाही' या अटीला तुम्ही होकार दिला असेल, तर करारभंगाचा दावा उभा राहू शकतो. म्हणून आधी फाइल कुठून आणि कशी घेतली ते तपासा. चूक कबूल न करता कंपनीला लेखी विचारा : फोटो कोणी काढला, त्यात सर्जनशील निवड कोणती, हक्क तुमच्याकडे कसा आला? दरम्यान तो फोटो काढून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या खुल्या संग्रहातली प्रतिमा लावा. तिच्या व्यावसायिक वापराला परवानगी लागत नाही.

तुम्ही हॉगार्थची 'मॅरिज अ-ला-मोड' ही मालिकाही विकत असाल तर तीही जाहिरात आजच तपासा. त्याची सहाही तैलचित्रं लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत, पण छाप आरशातल्यासारखे उलटे आहेत. छापावरून रंगवून 'गॅलरीतल्या चित्राची प्रत' म्हटलंत, तर डावं-उजवं पाहून कोणीही हीच तक्रार करेल.