निकाल येत नाही, म्हणून माणसं वगळायची?

प्रश्न : मुलगी मानसशास्त्रात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षेआधी श्वसनाचा व्यायाम केला तर ताण कमी होतो का, यावर तिने ४० विद्यार्थ्यांचा प्रयोग केला. फरक दिसला नाही. चार-पाच ‘वेगळी’ मुलं वगळली तर दिसतो, पण ती ऐकत नाही. ‘फरक आढळला नाही’ असं लिहून काय मिळणार? शिवाय एका वरिष्ठ संशोधकाच्या लेखात २० जणांची दिलेली सरासरी ३.४८ येऊच शकत नाही, असं तिने भर वर्गात सांगितलं. या दोष काढण्याच्या स्वभावामुळे पीएच.डी.चा प्रवेश अडेल अशी भीती वाटते. वर्षअखेर दोन पेपर छापून यायला हवेत. तिला कोणता कोर्स सुचवाल? – एक वडील

उत्तर : नमस्कार. कोर्सचं नंतर बघू. मुलं वगळली तर फरक दिसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणजे घरात कुणीतरी ते करून पाहिलेलं आहे. मला काळजी वाटली ती इथे. निकाल बघून मग कुणाला वगळायचं ते ठरवणं म्हणजे पेपर तपासून झाल्यावर पासाचे गुण ठरवणं. वगळण्याचे निकष प्रयोगाआधी लिहून ठेवायचे असतात. तुमच्या मुलीला हे कळतं, म्हणून तिने नकार दिला, आणि तुम्ही त्याला ‘ऐकत नाही’ म्हणता. परीक्षकाचा दबाव तोंडी परीक्षेपुरता असतो. रोज शेजारी जेवायला बसणाऱ्या वडिलांचा दबाव ती कुठे टाळणार?

‘लिहून काय मिळणार’ याचं उत्तर देतो. नैराश्यावरच्या १२ औषधांच्या ७४ चाचण्यांची नोंद अमेरिकेच्या औषध नियामकाकडे होती. त्या नोंदी छापून आलेल्या लेखांशी ताडून पाहणारा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. नियामकाच्या मते ३८ चाचण्यांचा निकाल औषधाच्या बाजूने होता. त्यांतल्या ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच गेल्या नाहीत, ११ अशा मांडल्या गेल्या की औषध गुणकारी वाटावं, आणि जशाच्या तशा आल्या फक्त ३. त्यामुळे नियतकालिकं वाचणाऱ्या डॉक्टरला ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसत होत्या. नोंदींत त्या जेमतेम निम्म्या होत्या. एकही आकडा खोटा न लिहिता असं घडू शकतं. ‘असलं छापून काय मिळणार’ हा विचार पुरेशा लोकांनी केला की झालं.

तुमचा मोठा गैरसमज हा, की चूक दाखवणं म्हणजे माणसाच्या सचोटीवर बोट ठेवणं. थोडा दोष आपल्या शब्दाचाही आहे. अभ्यासाचा निकाल एका बाजूला झुकवणाऱ्या चुकीला, म्हणजे बायसला, आपण ‘पूर्वग्रह’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, समोरच्याच्या मनात खोट आहे. मला ‘पासंग’ अधिक जवळचा वाटतो. तराजूला पासंग असला की तोलणारा कितीही प्रामाणिक असो, प्रत्येक माप एकाच बाजूला चुकतं. शंभरदा तोललं तरी भरून निघत नाही. हौसेने आलेलीच माणसं प्रयोगात घेतली, मध्येच सोडून गेलेल्यांना हिशेबातून काढलं, कोणी व्यायाम केला हे ताण मोजणाऱ्याला आधीच माहीत होतं, हे सगळे पासंगच. ते ओळखायला संशय लागत नाही, तराजू कसा बनलाय ते बघावं लागतं.

तिचं गणित बरोबर आहे. गुण पूर्णांकात असतील तर २० जणांची बेरीज ६९ असताना सरासरी ३.४५ येते, ७० असताना ३.५०, मधे काही नाही. निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स या संशोधकांनी ही तपासणी मांडली, आणि तपासता येण्याजोग्या ७१ लेखांपैकी निम्म्याहून किंचित अधिक लेखांत त्यांना किमान एक अशक्य सरासरी सापडली. पण कधी ती छपाईची चूक असते, कधी एखाद्याने प्रश्न सोडलेला असतो. म्हणून वर्गात बोलण्याआधी तिने लेखकाकडे मूळ आकडे मागायला हवे होते. इथे ती चुकली. थॉमस हर्नडन या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने वर्गातल्या स्वाध्यायासाठी राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा सरकारी कर्जावरचा २०१० चा गाजलेला लेख घेतला. आकडे जुळेनात, तेव्हा त्याने त्यांच्याकडेच फाइल मागितली, आणि त्यांनी ती दिली. एक्सेलच्या सूत्रात पाच देश सुटले होते. काही वर्षं वगळलेली होती आणि सरासरी काढताना कोणत्या देशाला किती वजन द्यायचं ती पद्धतही वादाची होती. सगळं दुरुस्त केल्यावर मोठं कर्ज असलेल्या देशांचा सरासरी वाढीचा दर उणे ०.१ वरून २.२ टक्क्यांवर गेला. सूत्रातली चूक लेखकांनी मान्य केली, बाकीचे आक्षेप नाही.

प्रवेश परीक्षेची तयारी ती करेलच. कोर्स घ्यायचाच तर संख्याशास्त्राचा, आणि उपलब्ध चाचण्यांचा पद्धतशीर आढावा कसा घेतात हे शिकवणारा. कोक्रेन या आरोग्य-संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे गट १९९३ पासून हेच करतात : प्रत्येक चाचणीत पासंग कुठे शिरू शकतो ते तपासून मगच निष्कर्ष काढायचा. तुम्ही ज्याला दोष काढणं म्हणता, ते तिथे रोजचं काम आहे. पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांत दोन पेपर आणण्याचा विचार मात्र सोडा. तिची निवड करणाऱ्यांना ती नावं ओळखता येतात.

प्रबंधात चाळीसही जणांचे आकडे जाऊ द्या. चार-पाच जण वगळून पाहिलं असेल तर तेही तिने लिहावं. शब्द जपून वापरावेत : एवढ्या लहान गटावरून ‘व्यायामाने फरक पडत नाही’ असं म्हणता येत नाही, ‘आम्हाला फरक आढळला नाही’ एवढंच म्हणता येतं. आणि हे पत्र तिला न सांगता पाठवलं असेल, तर आज तिला दाखवा.