भाताच्या बांधावरची पिवळी टाचणी

प्रश्न : आमचं शेत जांबोटीच्या वाटेवर आहे. लावणी झाली की बांधावरच्या गवतात काडीसारखे बारीक, हळदीच्या रंगाचे किडे उडतात. नातू म्हणतो, ही चतुराची पिल्लं. खरं का? भाताला त्रास देतात का?
– एक आजी, खानापूर तालुका

उत्तर : आजी, नातवाची नजर चांगली आहे, पण ही पिल्लं नव्हेत. पंख फुटलेला किडा पुढे वाढत नाही. चतुराची पिल्लं पाण्यात असतात, उडत नाहीत. ही टाचणी, चतुराच्याच गोतातली. चतुर बसला तरी पंख पसरून ठेवतो. टाचण्या बहुतेक पाठीवर मिटून घेतात. डोळेही बघा : टाचणीचे डोक्याच्या दोन टोकांना, मध्ये मोकळी जागा.

पिवळेपणावर एकदम विश्वास ठेवू नका, घोटाळा तिथेच होतो. आपण शेपटी म्हणतो ते तिचं पोट. ते साधारण तीन सेंटीमीटर, बुडापासून टोकापर्यंत लिंबासारखं पिवळं आणि त्यावर एकही काळा ठिपका नाही, छाती शेवाळी हिरवी, असं दिसलं तर तो ‘सेरिआग्रिऑन कोरोमंडेलियानम’ या शास्त्रीय नावाच्या टाचणीचा नर. त्यातलं ‘कोरोमंडेलियानम’ हे नाव फाब्रिसियस या कीटकशास्त्रज्ञाने 1798 मध्ये दिलेल्या वर्णनापासूनचं. मादी मळकट, तपकिरी झाकेची; नराबरोबर असली तरच पटकन कळते. जोडी पाणवनस्पतीवर अंडी घालताना मी पुष्कळदा बघत बसते : मादी देठाला बिलगलेली आणि तिची मान शेपटीच्या टोकाने धरून नर वर खुंटीसारखा ताठ उभा!

शेपटी पिवळी पण टोक निळं, तर ती दुसरी टाचणी, याहून लहान. आणि ओहोळाकाठच्या सावलीत, पाय पिवळेधमक पण शेपटी काळी नि टोकाला पांढरी दिसली, तर ती तिसरीच.

भाताला यांचा काडीचाही त्रास नाही. डास, चिलटं, बारीक किडे हेच त्यांचं खाणं. पाण्यातली पिल्लंसुद्धा डासांच्या अळ्या खातात. यांना बघून कृपा करून फवारणी करू नका.

नातवाला शेपटीला दोरा बांधू देऊ नका. सकाळी दव असताना त्याला बांधावर न्या. अंग गार असतं तोवर टाचणी हलत नाही, हातभर अंतरावरून ठिपका आहे की नाही ते त्यालाच शोधू दे.