जुन्या कोअर टू ड्युओ मशीनवर ब्लू-रे डिस्क बघायच्या तर काय काय बदलावं लागेल?

तुमचं मशीन कोअर टू ड्युओ ई७५००, जी३१ बोर्ड, ४ जीबी रॅम, विंडोज ७ आणि १९ इंची मॉनिटर असं आहे, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर दुकानदाराने अख्खं मशीनच बदलायला सांगितलंय. बदलू नका. प्रोसेसर, बोर्ड, रॅम आहे तसंच राहू दे. लागेल ते ग्राफिक्स कार्ड, ड्राइव्ह आणि सॉफ्टवेअर. पण यातलं काहीही घेण्याआधी मॉनिटर बघा, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

ब्लू-रेचं चित्र वाटेत कॉपी होऊ नये म्हणून ग्राफिक्स कार्ड ते पडदा या वाटेवर एचडीसीपी नावाचं कुलूप असतं. कार्ड आणि पडदा, दोघांकडेही त्याची सोय हवी. मॉनिटरच्या मागे फक्त निळं व्हीजीए सॉकेट असेल तर तो बाद, अ‍ॅनालॉग वायरीवर हे कुलूप लागतच नाही आणि हल्लीची सॉफ्टवेअर्स अशा जोडणीवर डिस्क चालवत नाहीत. डीव्हीआय असलं तरी खात्री करून घ्या, सुरुवातीच्या बऱ्याच डीव्हीआय मॉनिटरांत एचडीसीपी नाही. शिवाय १९ इंची मॉनिटर सहसा १४४० बाय ९०० किंवा १२८० बाय १०२४चा असतो, म्हणजे १९२० बाय १०८०चं चित्र त्यावर पूर्ण उतरणारच नाही. हॉलमधल्या टीव्हीला एचडीएमआय असेल तर सरळ त्यालाच जोडा, मॉनिटरचा खर्च वाचेल. मध्ये स्वस्तातला स्प्लिटर (एका वायरीचे दोन फाटे करणारी डबी) मात्र घालू नका, तो एचडीसीपी धड पुढे देत नाही आणि पडदा काळा राहतो.

आता कार्ड. डीव्हीडीवरचा व्हिडिओ सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिटचा, ब्लू-रेवरचा ४० मेगाबिटपर्यंत, आणि तोही एच.२६४ किंवा व्हीसी-१ अशा जड पद्धतीने दाबलेला. तुमचा प्रोसेसर साध्या दृश्यात तग धरेल, पण पाऊस, गर्दी, धावपळ आली की फ्रेम गळायला लागतील. जी३१वरचं ऑनबोर्ड ग्राफिक्स हे काम वाटून घेत नाही. म्हणून एनव्हिडियाचं जीटी ७१० हे कार्ड घ्या. ते ब्लू-रेवरचे तिन्ही प्रकारचे व्हिडिओ (वरचे दोन आणि जुना एमपीईजी-२) स्वतः उलगडतं आणि प्रोसेसर जवळपास मोकळा राहतो. जेमतेम १९ वॅट खातं, वेगळी पॉवर वायर लागत नाही, त्यामुळे एसएमपीएसही (मशीनला वीज पुरवणारा डबा) बदलायला नको. पंखा नसलेलं मिळालं तर तेच घ्या, सिनेमा बघताना घरघर नको. एक धोका आहे: जुन्या बायोसवर (मशीन सुरू होताना चालणारं बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) काही नवी कार्डं डिस्प्लेच देत नाहीत. तेव्हा कॅबिनेट टॅक्सीत घालून दुकानात न्या, कार्ड लावून दाखवायला सांगा आणि मगच पैसे द्या. घरी आल्यावर बायोसमध्ये ऑनबोर्ड ग्राफिक्स बंद करा आणि ड्रायव्हर एनव्हिडियाचाच टाका.

ड्राइव्ह इंटर्नल साटा घ्या, म्हणजे कॅबिनेटच्या आत बसणारा आणि साटा वायरीने बोर्डला जोडला जाणारा. 'बीडी कॉम्बो' म्हणून मागा, तो ब्लू-रे वाचतो आणि डीव्हीडी लिहितो. ब्लू-रे लिहिणारा घ्यायचं कारण नाही. वेगाची चिंता नको, ब्लू-रेचा १एक्स म्हणजेच सेकंदाला ३६ मेगाबिट, आणि साधे ड्राइव्हही त्याच्या कितीतरी पट पळतात. एसएमपीएसला साटा पॉवरची वायर शिल्लक नसेल तर मोलेक्स-टू-साटा कन्व्हर्टर (जुन्या चार पिनी पॉवर वायरीला साटाचं टोक देणारा) लागेल. ज्याचं टोक वितळवून ओतल्यासारखं एकसंध दिसतं तो घेऊ नका, आत तारा चिकटून जळण्याचे प्रकार होतात.

सॉफ्टवेअरवर लोक पैसे वाचवायला जातात आणि फसतात. विंडोजमध्ये ब्लू-रे चालवायची सोयच नाही. व्हीएलसी हा फुकटचा प्लेअर नुसता टाकला तर विकत घेतलेली डिस्क उघडणार नाही, कारण तिच्यावरच्या एएसीएस नावाच्या कॉपी रोखणाऱ्या कुलपाची किल्ली त्याच्याकडे नसते. पॉवरडीव्हीडी हे विकतचं प्लेअर सॉफ्टवेअर घेणार असाल तर अल्ट्रा आवृत्तीच घ्या, स्टँडर्डमध्ये फक्त डीव्हीडी चालते. तुमच्या विंडोजवर ती चालते का, हे लायसन्स घेण्याआधी बघा. ड्राइव्हबरोबर फुकट येणारी जुनी सीडी बऱ्याचदा निरुपयोगी ठरते: या किल्ल्या अधूनमधून बदलतात आणि अपडेट न झालेलं सॉफ्टवेअर नव्या डिस्का नाकारतं. त्यामुळे मशीनला इंटरनेट हवंच.

डिस्क विकत घेताना रिजन (ती जगाच्या कुठल्या भागासाठी आहे याचं अक्षर) बघा. भारत 'सी'मध्ये येतो, अमेरिका 'ए', युरोप 'बी'. सॉफ्टवेअरमधला रिजन मोजक्याच वेळा बदलता येतो, उगाच खेळू नका. आणि ४के अल्ट्रा एचडी डिस्क या मशीनवर चालणार नाहीत, त्यांना प्रोसेसरपासून सगळंच वेगळं लागतं.

टीव्हीला जोडल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये २४ हर्ट्झ मिळत असेल तर सिनेमासाठी तेच ठेवा. ६०वर कॅमेरा आडवा फिरताना चित्र बारीक हिसके देतं.

डिस्क अडकायला लागली तर मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा. डीव्हीडीसारखी घासून पॉलिश करून आणू नका, ब्लू-रेचा डेटा पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिमी आत असतो.