दिवसा कोंबडीच्या अंगावर काही दिसत नाही, तरी तुरा फिका पडतोय. गोचीड असतील का?

असू शकतात. फक्त कोंबडीपेक्षा खुराडं आधी तपासा. आर्गस पर्सिकस हा मऊ गोचीड दिवसभर लाकडाच्या भेगांत, विटांच्या फटींत, बसायच्या दांडीखाली दडतो. रात्री बाहेर येतो, साधारण अर्ध्या तासात रक्त पिऊन परत जातो. टॉर्च घेऊन रात्रीच बघा. त्याच्या पाठीवर कडक ढाल नसते आणि तोंड पोटाच्या बाजूला असल्याने वरून दिसत नाही. सहा पायांच्या अळ्या मात्र पंखाखाली काही दिवस चिकटून राहतात, त्या दिवसाही सापडतील.

रक्त कमी होतं, अंडी घटतात, अळ्यांमुळे कधी पाय लुळे पडतात. मला जास्त काळजी स्पायरोकीटोसिस या आजाराची वाटते. त्याचा बोरेलिया अँसेरिना हा जंतू हेच गोचीड पसरवतात. ताप, हिरवट हगवण आणि मर सुरू होते. अशी लक्षणं असतील तर आजच पशुवैद्य गाठा.

काही महिने खुराडं रिकामं ठेवून भागत नाही. प्रौढ गोचीड रक्ताविना वर्षाहून जास्त जगतो. भेगा बुजवा आणि पशुवैद्याने सांगितलेलं औषध भिंती, फटी, दांड्यांवर फवारा. नुसत्या कोंबड्यांना औषध लावणं वाया जातं.