बॅचमधले सगळे पुढे गेले, मीच मागे राहिले

“मॅडम, एमबीएच्या ग्रुपवर कुणाचं प्रमोशन, कुणाचं बाळ, कुणाचं नवीन घर असं काही आलं की माझा अख्खा दिवस खराब जातो. ग्रुप सोडून देऊ का?”

तिशी-चाळिशीतली बरीच माणसं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात. इंजिनिअर आणि डॉक्टरांच्याही बॅचेस असतात, पण एमबीएवाल्यांना हे जास्त बोचतं असा माझा अनुभव आहे. दोन वर्षं हॉस्टेलवर एकत्र काढलेली असतात. प्लेसमेंटच्या दिवसांत कुणाला किती पॅकेज मिळालं ते सगळ्यांना आकड्यासकट पाठ असतं. पुढे कुणाचीही बातमी आली की मन नकळत त्या जुन्या यादीकडे जातं. अशा वेळी ग्रुप सोडावा की राहावं, याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. म्हणून एका मुलीची हकिकत सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती चौतीस वर्षांची. नाशिकरोडला लहानाची मोठी झाली, पुण्यात फायनान्समध्ये एमबीए केलं, २०१४ ला बाहेर पडली. काही वर्षं मुंबईत नोकरी, मग लग्न होऊन परत नाशिक. नवरा अंबड एमआयडीसीत इंजिनिअर. सासू-सासरे निफाड तालुक्यात, घरची द्राक्षबाग. ती पिंपळगाव बसवंतकडे एका निर्यातदाराच्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे द्राक्षं निवडून पेट्यांत भरतात तिथे, हिशेब आणि निर्यातीची कागदपत्रं बघते. माझ्याकडे आली ती २०२४ च्या मे महिन्यात, सीझन आटोपल्यावर. जानेवारी ते एप्रिल या लोकांना मान वर करायला वेळ नसतो.

रात्री झोप लागत नाही, पहाटे तीनला जाग येते आणि हात आधी फोनकडे जातो. घरात बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड. मैत्रिणींचे फोन वाजून बंद होऊ द्यायचे. तिच्या मते हे सुरू झालं जानेवारीत. एका आठवड्यात तीन बातम्या आल्या. वर्गातला एक जण मुंबईत व्हाइस प्रेसिडेंट झाला, एकाला कॅनडाचा पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना मिळाला, आणि हॉस्टेलच्या रूममेटने दुसऱ्या मुलाच्या बारशाचे फोटो टाकले. हिने तिन्ही ठिकाणी ‘काँग्रॅट्स’ लिहिलं, पुढे फुलं टाकली. बारशाच्या फोटोखाली लिहून झाल्यावर ती पॅकहाऊसच्या प्री-कूलिंगच्या, म्हणजे द्राक्षं गार करायच्या खोलीमागे गेली. तिथे मशीनचा आवाज इतका असतो की कुणाला काही ऐकू येत नाही. तिथे उभी राहून ती रडली, तोंड धुतलं आणि परत येऊन कंटेनरचे कागद पूर्ण केले. फेब्रुवारीत पुण्याला बॅचचं दहा वर्षांचं गेट-टुगेदर होतं. ‘कंटेनर लागलेत’ असं सांगून ती गेली नाही.

“मी इतकी हलक्या मनाची कधीपासून झाले?” असं तिने विचारलं. मी आधी हाच गैरसमज दूर केला. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला. आपलं कसं चाललंय हे मोजायला पक्कं माप हाताशी नसलं की माणूस इतरांकडे पाहून स्वतःला मोजतो, आणि त्यासाठी साधारण आपल्यासारखीच माणसं निवडतो. अंबानींच्या घरच्या लग्नाने कुणाची झोप उडत नाही. आपल्याच बेंचवर बसणाऱ्याच्या बढतीने उडते, कारण त्याची आणि आपली सुरुवात एका दिवशी, एका वर्गात झालेली असते. हे मनाचं हलकेपण नाही.

पुढच्या भेटीला मी तिला एक वही करायला सांगितली. ग्रुपमध्ये अठ्ठावन्न जण. प्रत्येकाचं नाव लिहायचं आणि समोर दोनच गोष्टी: त्याच्याबद्दल आपल्याला शेवटचं काय कळलं, आणि कधी. हिशेबातलीच मुलगी, तिने रकाने आखून नीटनेटकी वही आणली. वर्षभरात ग्रुपवर स्वतःची बातमी टाकणारे निघाले अकरा. तीस-बत्तीस नावांसमोर काहीच नव्हतं किंवा चार-पाच वर्षांपूर्वीचं काहीतरी होतं. काही जणांच्या नावापुढे तिने ‘माहीत नाही’ लिहिलं आणि मग बराच वेळ त्या शब्दांकडे बघत बसली. त्यातली एक मुलगी हॉस्टेलला तिच्या शेजारच्या खोलीत राहायची.

‘सगळे पुढे गेले’ यातले सगळे म्हणजे हे अकरा. त्यातही एकाची खुर्ची, दुसऱ्याचा देश आणि तिसरीचं बाळ एकत्र करून तिने मनात एकच माणूस उभा केला होता आणि रोज रात्री त्याच्याशी स्वतःला ताडून बघत होती. असा माणूस तिच्या बॅचमध्ये नव्हता.

गप्प असलेल्यांचं काय? अलेक्झांडर जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सोबत्यांच्या आयुष्यात प्रत्यक्षात जेवढं दुःख आणि कटकटी असतात, त्यापेक्षा कमीच असतील असं विद्यार्थी धरून चालत होते. कारण साधं आहे, माणसं आनंद चारचौघांत दाखवतात आणि त्रास दार लावून भोगतात. हे मी तिला सांगितलं, पण एक गोष्ट बजावूनही सांगितली. या माहितीचा उपयोग दुसऱ्यांची दुःखं हुडकण्यासाठी करायचा नाही. ‘त्या व्हाइस प्रेसिडेंटचं घरी पटत नसेल’ असं म्हणून मिळणारा दिलासा दोन दिवस टिकतो आणि आपल्यालाच कडवट करून जातो. लोक हा सल्ला एकमेकांना सर्रास देतात. मला तो मुळीच मान्य नाही.

मग मी तिला एक प्रश्न विचारला. तो मी अशा प्रत्येकाला विचारते आणि माझ्या मते या सगळ्या कामातला तो सर्वांत महत्त्वाचा आहे. ही बातमी उद्या तुला दिली, तर घेशील? नुसता फोटो नाही. सकाळपासून रात्रीपर्यंतचं त्या माणसाचं सगळं आयुष्य, आहे तसं.

व्हाइस प्रेसिडेंटची खुर्ची? सकाळी सातला घर सोडायचं, रात्री दहाला यायचं, मुंबईत राहायचं. ती म्हणाली, “नको. तेच सोडून तर आले.” कॅनडा? आई नाशिकरोडला एकटी असते. नको. टॉवरमधला फ्लॅट? त्यावर तर ती हसलीच. रूममेटचं बाळ?

ती बोललीच नाही. मीही घाई केली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, “घेईन. आत्ता घेईन.”

चार वर्षं ते दोघं वाट बघत होते. आईला अर्धवट माहीत होतं. सासूबाईंना वाटायचं, सून करिअर करतेय. ग्रुपवरही तिची तीच ओळख होती, करिअरवाली. खरं कारण सांगायला नको म्हणून तिनेच ती ओळख सांभाळली होती. त्यामुळे कुणाला बढतीही मिळाली आणि मूलही झालं की हिचं पांघरूण निघून जायचं. प्रमोशनच्या बातम्या का झोंबत होत्या ते इथे उलगडलं.

हेव्याबद्दल आपल्याकडे फार कठोर बोललं जातं. माझा अनुभव असा, की हेवा नीट तपासला तर दहा बातम्यांपैकी नऊ गळून पडतात आणि एक उरते. ती उरलेली खरी इच्छा असते. तिला मनाचे व्यायाम सांगून गप्प करायचं नसतं. तिच्यासाठी काय करता येईल ते बघायचं असतं.

तेव्हा मी विचारलं, तपासण्या कुठवर आल्यात? हिच्या झाल्या होत्या, दोनदा. नवऱ्याची एकही झाली नव्हती. तो नाही म्हणाला नव्हता. विषयच निघाला नव्हता. हे मी पुन्हा पुन्हा बघते. शिकलेल्या घरांतही वर्षानुवर्षं फक्त बाईच्याच तपासण्या चालू असतात. मूल न होण्यामागचं कारण पुरुषात असू शकतं, दोघांत असू शकतं, आणि वीर्यतपासणी ही सगळ्यांत सोपी, सुरुवातीलाच करण्याची तपासणी आहे. एक वर्ष प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर दोघांनी डॉक्टरांकडे जावं, बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगात सहा प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. हा आकडा ऐकून तिने वही उघडली आणि अठ्ठावन्नला सहाने भागलं. मी तिला सांगितलं नव्हतं. तिच्या बॅचचा नेमका आकडा तो नव्हे, पण ग्रुपवर आपण एकट्याच नसू, हे तिला स्वतःहून सुचलं.

नवऱ्याला तिने पुढच्या सेशनला आणलं. माणूस सरळ होता. “मला वाटलं हिला त्रास होईल म्हणून बोलत नव्हतो,” म्हणाला. दोघंही एकमेकांना जपत गप्प राहिले होते. दरम्यान सासूबाईंनी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायचं काढलं. मूल व्हावं म्हणून करतात तो, तीन दिवसांचा विधी. ती चिडली होती, मी काय बोलते याकडे तिचं लक्ष होतं. मी म्हटलं, सासूबाईंना काळजी आहे आणि ती त्यांच्या पद्धतीने बाहेर पडतेय. जायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा, पण रिपोर्ट त्यासाठी थांबवू नका. ते गेले. त्र्यंबकला जाण्याच्या आधीच्या आठवड्यात नवऱ्याची तपासणी झाली. शुक्राणूंची संख्या कमी निघाली. आता उपचार चालू आहेत. गोड बातमी अजून नाही, आणि ती येईलच असं मी तिला कधीही सांगितलेलं नाही.

कामाबद्दलही बोलणं झालं, कारण ‘मी पॅकहाऊसमध्ये अकाउंट्स बघते’ हे वाक्य ती खाली बघून म्हणायची. मी विचारलं, या सीझनला काय केलंस? ती सहज सांगू लागली. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. युरोपात माल पोहोचायला पंधरवडाभर जास्त लागू लागला, भाडी वाढली. द्राक्ष नाशवंत, आणि तिकडून पैसे उशिरा येणार म्हणजे इथल्या बागायतदारांचे पैसे अडकणार. हिने जानेवारीतच सगळ्या बागायतदारांच्या पेमेंटचं वेळापत्रक नव्याने बसवलं, बँकेशी बोलून कर्जाची मर्यादा वाढवून घेतली, आणि अख्ख्या सीझनमध्ये एकाही शेतकऱ्याचे पैसे ठरल्या तारखेपलीकडे गेले नाहीत. ज्या आठवड्यात ती मशीनमागे रडली, त्याच आठवड्यात हे काम चालू होतं.

“हे ग्रुपवर का नाही टाकलंस?”

“ही काय बातमी आहे?”

निफाड-दिंडोरीत ज्या घरांत व्यापारी द्राक्षं घेऊन पसार झालेला बघितलाय, त्या घरांत वेळेवर आलेल्या पैशाएवढी मोठी बातमी नाही, हे तिच्या सासऱ्यांनीही तिला सांगितलं असतं. पदाचं नाव बदललं नाही म्हणून तिने ते मोजलंच नव्हतं.

ग्रुपचं काय केलं? सोडला नाही, म्यूट केला. रात्री फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला. आणि वहीतून एक नाव निवडून आठवड्याला एक फोन. ग्रुपवर नुसतं वाचत राहिलं की माणूस एकटा पडतो, एकेकाशी बोललं की ओळखी पुन्हा जिवंत होतात. पहिला फोन तिने ‘माहीत नाही’ लिहिलेल्या शेजारच्या खोलीतल्या मुलीला केला. तीही आईच्या आजारपणामुळे नोकरी सोडून सोलापूरला घरी होती आणि गेट-टुगेदरला गेली नव्हती. काय कारण सांगितलं होतं, तर ‘ऑडिट आहे’.

इथे थोडं थांबून सांगते. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल तर तो नुसता ग्रुपचा त्रास नसतो. समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोनला पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

सगळ्यांत अवघड गेला तो रूममेटला केलेला फोन. हिने चार वर्षांचं सगळं सांगितलं. ती मैत्रीण म्हणाली, “मला माहीत असतं तर ग्रुपवर टाकायच्या आधी तुला फोन केला असता गं.” म्हणून ज्यांच्याकडे आनंदाची बातमी आहे, त्यांनाही सांगावंसं वाटतं. बातमी लपवू नका, त्याने समोरचीला आपण बिचारी ठरलो असं वाटतं. ग्रुपवर टाकायच्या आधी तिला वेगळा मेसेज करा, फोनपेक्षा मेसेज बरा, म्हणजे लगेच आनंदी आवाज काढावा लागत नाही. ‘तुझंही होईल लवकरच’ म्हणू नका. बारशाचं आमंत्रण मात्र द्या, ते तिच्या वतीने तुम्ही गाळू नका. ती नाही आली तर कारण विचारू नका, आणि पुढच्या महिन्यात बाळाचा विषय सोडून गप्पा मारायला तिला फोन करा.