वाचकांचे प्रश्न : दुखण्यावरचं करंटचं मशीन

या वेळच्या पत्रांत निपाणीपासून जांबोटीपर्यंत एकच विषय फिरतो आहे : टेन्स मशीन. ट्रान्सक्युटेनियस इलेक्ट्रिकल नर्व्ह स्टिम्युलेशन या लांबलचक नावाचं हे आखूड रूप. कातडीवर पॅड चिकटवून खालच्या मज्जातंतूंना विजेचे बारीक ठोके द्यायचे, एवढंच ते करतं. आलेल्या पत्रांतली पाच निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मी २२ वर्षं विड्या वळते. मान आणि दोन्ही फऱ्यांच्या मध्ये सतत ठणका असतो. मुलाने टेन्स मशीन आणून दिलं. पहिले तीन-चार दिवस लई बरं वाटलं, आता लावलं काय आणि नाही लावलं काय, सारखंच. मशीन बिघडलं असेल का?
– एक भगिनी, निपाणी

मशीन बहुधा ठीक आहे, ताई. शरीराला त्याची सवय झाली आहे.

मार लागला की आपण ती जागा चोळतो आणि कळ कमी होते. स्पर्शाचा निरोप जाड तंतूंवरून जातो आणि मज्जारज्जूतच दुखण्याच्या निरोपाची वाट अडवतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये ही 'गेट'ची कल्पना मांडली. टेन्स हेच चोळणं विजेने करतं. शिवाय शरीरात मुळात असलेली, अफूसारखं काम करणारी वेदनाशामक द्रव्यंही त्याने जागी होतात. रोज त्याच वेगाने, त्याच जोराने करंट दिला तर ही दुसरी यंत्रणा चार-पाच दिवसांत थंडावते. तुमचं नेमकं तेच झालेलं दिसतं.

म्हणून वेग बदलत राहा. बहुतेक मशीनवर रेट (सेकंदाला किती ठोके, म्हणजे हर्ट्झ), विड्थ (एक ठोका किती वेळ टिकतो) आणि जोर अशा तीन गोष्टी बदलता येतात. एक दिवस रेट ८० ते १०० हर्ट्झ आणि विड्थ १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास ठेवून ३० ते ४० मिनिटं लावा. दुसऱ्या दिवशी रेट २ ते ४ हर्ट्झवर आणा, विड्थ २०० करा आणि २० मिनिटंच लावा. या दुसऱ्या पद्धतीत मुंग्या येत नाहीत, 'टक्… टक्…' असे ठोके बसतात आणि पॅडखालचा स्नायू उडताना डोळ्यांना दिसतो. तो उडला नाही तर जोर कमी पडतो आहे. मशीनवर 'एम' मोड असेल तर वेग आपोआप वर-खाली होत राहतो, तोही चालेल. आता आधी दोन-तीन दिवस मशीन पूर्ण बंद ठेवा आणि मग या पद्धतीने सुरू करा. चहा-कॉफीतलं कॅफीन टेन्सचा गुण कमी करतं, असं एका छोट्या प्रयोगात दिसलं होतं. मशीन लावण्याआधीचा चहा टाळून बघा, खर्च काही नाही.

जोराबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मुंग्या जाणवल्या की लोक तिथेच थांबतात. तेवढ्याने भागत नाही. शून्यापासून हळूहळू वाढवत न्या. 'जोरदार आहे, पण दुखत नाही' इथपर्यंत यायला हवं. पाच-सात मिनिटांनी ते जाणवेनासं होतं, तेव्हा अजून थोडं वाढवा.

पॅड लावायला घरातलं कोणीतरी लागेल. एका वायरीचे दोन पॅड मानेच्या तळाशी, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, मांसल भागावर. दुसऱ्या वायरीचे दोन फऱ्यांच्या आतल्या कडांना. दोन पॅडमध्ये किमान दीड-दोन बोटांचं अंतर हवं. खेटून लावले तर करंट कातडीवरूनच जातो, खाली उतरत नाही. मानेच्या पुढच्या बाजूला, गळ्यालगत पॅड कधीही लावायचा नाही. तिथल्या नसांना करंट लागला तर रक्तदाब एकदम उतरू शकतो आणि घसा आवळला जाऊ शकतो.

आणि मशीन कधी लावता? रात्री आडवं पडल्यावर लावत असाल तर त्याचा अर्धा उपयोग वाया जातो. टेन्सचा आराम मशीन चालू असताना सर्वांत जास्त असतो, नंतर फार तर तास-दोन तास टिकतो. मांडीवर सूप घेऊन मान खाली घालून बसणं हेच दुखण्याचं मूळ, त्यामुळे मशीन चालू असताना सूप खाली ठेवा, दोन्ही फरे मागे एकमेकांकडे ओढून पाच आकडे मोजेपर्यंत धरा, सोडा. असं दहादा. हनुवटी सरळ मागे नेणंही दहादा. एरवी दुखतं म्हणून जे होत नाही, ते त्या अर्ध्या तासात होतं.

प्रश्न : वडगावात मागावर काम करतो. कमरेला मशीन लावलं की पॅडच्या कडेला लाल मुंगी चावल्यासारखं होतं, मध्येच करंट जातो आणि एकदम झटका बसून परत येतो. मशीन पट्ट्याला अडकवून मागावर उभं राहिलं तर चालेल का?
– एक वाचक, बेळगाव

आधी शेवटचं : नाही. धोट्याच्या वेळेला झटका बसला आणि हात सरकला तर काय होईल ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. वायर मागात अडकेल ती वेगळीच. लेथ, ग्राइंडर, दुचाकी, ऊस तोडायचा कोयता, सगळ्यांना हाच नियम. चालताना, घरकाम करताना, व्यायाम करताना मात्र खुशाल लावा.

चावल्यासारखं होतं ते पॅड सुकल्यामुळे. नवा पॅड सगळीकडून सारखा चिकटतो आणि करंट पूर्ण पाच बाय पाच सेंटिमीटरवर पसरतो. कडा उलटल्या, जेलवर कापसाचा तुसा बसला, की कातडीला टेकलेला भाग थोडाच उरतो आणि तेवढाच करंट त्या टिचभर जागेतून घुसतो. मागावर काम करणाऱ्याच्या अंगावर तुसा असणारच, म्हणून साबणाने कंबर धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच पॅड लावा. आधी चोळलेलं तेल किंवा बाम राहिला तर करंट नीट जात नाही, आणि बामवर पॅड बसला तर कातडी भाजल्यासारखी होते. केस असतील तर कात्रीने बारीक करा. वस्तऱ्याने काढून लगेच पॅड लावला तर आग होते.

काढताना पॅडच्या कडेला धरून सोलायचा, वायरीला धरून ओढायचा नाही. चिकटपणा कमी वाटला तर बोटाने पाण्याचा एक थेंब जेलवर पसरून दोन मिनिटं थांबा. एक जोडी साधारण २० ते ३० वेळा चालते, त्यापुढे ओढाताण करू नका. फार खर्च होत असेल तर काळे कार्बन-रबरचे पॅड, ट्यूबमधलं जेल आणि चिकटपट्टी असा जुना मार्ग आहे. वेळ जास्त लागतो, पैसे कमी.

करंट येतो-जातो ते बहुतेक वेळा वायरीमुळे. वायर पिनच्या अगदी गळ्याशी, आतल्या आत तुटते. बाहेरून प्लास्टिक धड दिसतं. शोधायची रीत सोपी आहे. मशीन बंद करून दोन चॅनेलच्या वायरी अदलाबदल करा. दोष वायरीबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर वायर खराब; आहे तिथेच राहिला तर पॅड किंवा मशीन. वायर हलवून बघायची असेल तर जोर अगदी कमी ठेवून. नाहीतर सांधा जुळला की तुम्ही लिहिलाय तोच झटका. एका वायरीचे दोन्ही पॅड अंगाला लागलेले असल्याशिवाय करंट वाहतच नाही, हेही लक्षात असू द्या. 'एकच पॅड लावला, काहीच होत नाही' अशीही पत्रं येतात. ९ व्होल्टची बॅटरी उतरली की दिवा लागतो पण जोर चढत नाही.

पॅड लावताना आणि काढताना मशीन बंद. हे नवीन नाही, पण निम्मे झटके याच चुकीने बसतात.

प्रश्न : आमच्या आबांना पेसमेकर आहे. गुडघे फार दुखतात. गुडघा छातीपासून लांबच आहे, मग टेन्स लावायला हरकत काय?
– खानापूर तालुका

घरी लावू नका. पेसमेकर हृदयाचे विजेचे इशारे ऐकून काम करतो. टेन्सचे ठोके त्याला हृदयाचेच वाटले तर तो स्वतःचं काम थांबवू शकतो. शॉक देणारं यंत्र बसवलेलं असेल तर ते विनाकारण शॉकही देऊ शकतं. हृदयाचे डॉक्टर समोर तपासून परवानगी देत असतील तरच, एरवी नाही. आबांसाठी मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम, काठी आणि गरम शेक जास्त कामाचे.

फिट्स येणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. पोटावर तर गरोदरपणात मुळीच नाही. पोटरीत रक्ताची गाठ झाली असेल, त्या जागी कॅन्सर किंवा उघडी जखम असेल, तर तिथेही नाही. छातीवर आरपार जाईल असे पॅड कोणीच लावू नयेत.

प्रश्न : आईला १५ वर्षं साखर आहे, तळपायांची आग होते. प्रदर्शनातल्या स्टॉलवर पाय ठेवायची करंटची पाटी मिळाली. 'नसा मोकळ्या होतात' म्हणाले. वापरावी का?
– चिक्कोडी

आपल्या भाषेत रक्तवाहिनीही नस आणि मज्जातंतूही नसच. विकणाऱ्यांचं फावतं ते इथेच. करंटने तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी होत नाही आणि साखरेने खराब झालेला मज्जातंतू दुरुस्तही होत नाही. शिवाय अशा पाट्या बऱ्याचदा टेन्सच्या नसून स्नायू आकसवणाऱ्या असतात. पोटरी उडते म्हणून 'काम करतंय' असं वाटतं.

आधी आईंच्या पायाची संवेदना तपासा. डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा बोटांना, तळव्याला, घोट्याला हलकेच लावा आणि कुठे लागला ते विचारा. कळत नसेल तर त्या पायावर करंट नको, कारण जोर जास्त झाल्याचं त्यांना समजणारच नाही आणि भाजलेलं दोन दिवसांनी फोडावरून कळेल. संवेदना चांगली असेल तर साधं टेन्स करून बघता येईल : पॅड तळव्याला न लावता घोट्याच्या वर, पोटरीच्या खालच्या भागावर, जिथे स्पर्श नीट कळतो तिथे. अमेरिकेच्या न्यूरॉलॉजी अकादमीने २०१० मध्ये साखरेमुळे होणाऱ्या मज्जातंतूंच्या दुखण्यावर टेन्सचा विचार करावा असं म्हटलं होतं, आणि त्याच अहवालात जुन्या कंबरदुखीवर त्याचा उपयोग नाही असंही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असं सांगितलं. उलट २०२२ मध्ये ३८१ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा मशीन चालू असताना आणि लगेच नंतर दुखणं कमी होतं असं दिसलं. वडगावच्या वाचकांनीही हे वाचावं. आमचं मत असं की दोन-तीन आठवडे नीट जोराने वापरून फरक पडला नाही तर मशीन परत करावं, नवं महाग मशीन घेऊ नये. महाग मशीनमधूनही करंट तोच येतो.

प्रश्न : पावसाळ्यात पॅड बुळबुळीत होतात, बुरशीचा वास येतो. लाइट तर सारखीच जाते. काय करावं?
– जांबोटी

पॅड कामानंतर त्यांच्या प्लास्टिकच्या कागदावर चिकटवून झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा. जेल हवेतलं पाणी ओढून घेतं म्हणून बुळबुळतं. तसं झालं तर कागदाशिवाय पाच-दहा मिनिटं पंख्याखाली ठेवा. वास आला किंवा काळे ठिपके दिसले की टाकून द्या. एकाचे पॅड दुसऱ्याने वापरायचे नाहीत. लाइटचा भरवसा नसेल तर चार्जिंगच्या मशीनपेक्षा सेल बदलायचं मशीन बरं. चार्जिंगचंच घेतलं असेल तर चार्जरला जोडलेलं असताना अंगाला लावू नका, आणि ओल्या अंगाने, न्हाणीघरात तर नाहीच. मशीन तांदळाच्या डब्यात ठेवणारे बरेच आहेत. त्यापेक्षा चुलीपासून लांब, कोरड्या फडताळात ठेवा. तांदळाची पूड पिनच्या भोकात जाते.