वाचकांचे प्रश्न: स्टॉर्म विकू की ठेवू?

प्रश्न: काकांची जुनी सॅन स्टॉर्म गाडी गंगापूर रोडला पार्किंगमध्ये कव्हरखाली पडून आहे, घरचे म्हणतात भंगारात दे. पुढे क्लासिक म्हणून किंमत येईल का?

उत्तर: अहो, भंगारात अजिबात देऊ नका! ही दोन सीटची, उघड्या टपाची गाडी १९९८च्या सुमारास आली तेव्हा लोकांनी नाक मुरडलं, कारण दिसायला स्पोर्ट्स कार आणि आत रेनॉचं ११४९ सीसीचं छोटं इंजिन, पण गाड्या मुळातच कमी विकल्या गेल्या म्हणून आज दिसली की माणूस वळून बघतोच. पोर्शे ९१४ या स्पोर्ट्स कारला पण फोक्सवॅगनचं इंजिन म्हणून हिणवायचे, आता तीच गाडी लोक शोधत फिरतात.

बॉडी फायबरची, गंजत नाही, खालची चॅसी (गाडीचा सांगाडा) मात्र गंजते, ती आधी बघा. आपल्याकडच्या पावसात टपाचं रबर गेलं की सीट कुजतात. सरकारी व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांची व्हावी लागते, म्हणजे अजून बराच वेळ आहे, तोवर १५ वर्षांनंतरचं आरसी नूतनीकरण चुकवू नका. पैसा होईलच असं मी सांगणार नाही, पण मूळ चाकं आणि डॅशबोर्ड कुणालाही बदलू देऊ नका.